डॉक्टरीणबाईंची पटाशी

१ ऑगस्ट
बारावीला शहाण्णव टक्के! आईने जिन्यात उभं राहून अशी ललकारी दिली की अख्खं दमियात शहर जागं झालं असेल. खालच्या मजल्यावरची उम्म वजीह ओरडली, "आता खरीखुरी डॉक्टरीणबाई हो!" आठ वर्षांची असताना मी तिच्या बोटातलं कुसळ काढलं होतं, तेव्हापासून सगळी इमारत मला डॉक्टरीणबाई म्हणते. एक कुसळ काढलं आणि जन्माचा धंदा ठरला!

बाबांनी घरोघरी जिलबीसारखा मुशब्बक वाटला. हात थरथरत होता, पाक सांडत होता. लोकांना वाटलं, आनंदाने. खरं कारण आईला आणि मला ठाऊक आहे.

२ ऑगस्ट
इथे लिहायला कुणाची चोरी? दोन वर्षं झाली, बाबांना पटाशी धरता येत नाही. हाज्ज फरहातच्या फर्निचर शोरूममध्ये 'उस्ता शौकीचा हात' म्हणून, बाबांच्या नावावर, ज्या खुर्च्या खपतात, त्यांच्यावर कोरलेली पानं, द्राक्षं, सगळी माझी! घरच्या कारखान्याचं दार आतून लावायचं आणि आईने बाहेर सांगायचं, "नजला अभ्यास करतेय." बाबा शेजारी बसून शिकवतात — "खोल नको. लाकडाला दुखवू नकोस." उस्ता, म्हणजे कसलेला कारागीर, म्हणवून घ्यायला त्यांना वीस वर्षं घासावी लागली. आणि वर मलाच ऐकवतात, हे काम पोरींचं नव्हे. कमाल आहे!

५ ऑगस्ट
मावशी आली. आधी तिला एकटीला मनातलं सांगून बघितलं. "शहाण्णव टक्के मिळवून सुतारकी? गुण वाया घालवशील?" गुण म्हणजे काय शिळी भाकरी आहे, वाया जायला!

डॉक्टरकी मला जमेलही. पाठांतर जमतं. पण पाठ करताना दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघते. कोरायला बसले की आई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारते तेव्हा कळतं, दुपार झाली. याहून जास्त पुरावा काय हवा?

८ ऑगस्ट
सांगून टाकलं. आई मोलोखियाची पातळभाजी वाढत असतानाच. डॉक्टरकी नको, फर्निचर शिकायचंय; उपयोजित कलेच्या कॉलेजची प्रवेशचाचणी गेल्या महिन्यातच दिलीय, दातांच्या डॉक्टरकडे जाते सांगून.

बाबांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "हे बघ. या धंद्याने हे दिलं मला."
"बघतेय ना. त्यांचं काम कोण करतंय, तेही बघा."

आईने डाव खाली ठेवला. बाबा न जेवता उठले. लागट बोलले मी. वाईटही वाटतंय. पण खोटं एक अक्षर नव्हतं.

९ ऑगस्ट
बाबा बोलत नाहीत. नका बोलू!

१० ऑगस्ट
हाज्जच्या बारा खुर्च्या अर्धवट पडल्यात. हट्टाने पटाशीला हात लावणार नव्हते. संध्याकाळी लावला. भांडण बाबांशी आहे, लाकडाशी नाही. बाबा दारातून बघून गेले. चुकतंय म्हणालेसुद्धा नाहीत.

११ ऑगस्ट
आज प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा होता. आई हळूच म्हणाली, "पहिल्या रकान्यात वैद्यकी टाक, दुसऱ्यात तुझं लाकूड. दोघांचं समाधान." मोठी हुशार! शहाण्णववाल्याला पहिलंच मिळतं, दुसऱ्याची पाळी येतेय कशाला! पहिल्या रकान्यात मी उपयोजित कला टाकली आणि बटण दाबलं. माझा हात अजिबात थरथरला नाही.

२० ऑगस्ट
उपयोजित कला मिळाली!!

उम्म वजीह आली. पडेल चेहऱ्याने बसली आणि बिनसाखरेची कॉफी मागितली — मयताच्या घरी पितात तशी! मी तीन चमचे साखर घालून दिली. शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन गेली.

बाबा आपल्या खोलीत. बारा दिवस झाले. आता मात्र त्रास होतोय.

२२ ऑगस्ट
हाज्ज खुर्च्या न्यायला आला. कारखान्यात त्याचे गडी, गिऱ्हाइकं, निम्मी गल्ली. द्राक्षांवरून बोट फिरवत म्हणाला, "उस्ता शौकी, म्हातारपणी हात उजळला की तुझा!"

बाबांनी दोन्ही हात सगळ्यांसमोर पुढे केले. थरथरणारे. "हाज्ज, या हातांनी दोन वर्षांत पटाशी धरलेली नाही. घ्यायच्या तर घे, नाहीतर ठेव." मग भिंतीवरची त्यांची स्वतःची पटाशी काढली आणि म्हणाले, "उस्ता, इकडे या. हाज्जना आपलं काम दाखवा."

कुणाला हाक मारतायत, ते मला क्षणभर कळलंच नाही.