आत दुमडलेलं कापड

माय, तुझ्या नातीशी मी भांडलो आणि हरलो, ते तुला सांगायचं आहे. तुला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, तू तिला पाहिलेलंही नाहीस. ती आता अकरावीत आहे, माझ्या खांद्याला लागते, आणि राग आला की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो, तो थेट तुझा. भांडण कॉम्प्युटरवरून झालं. सहा-सात वर्षांपूर्वी मी तो कंपनीच्या कामासाठी म्हणून घेतला होता, पण आता तो तिच्या ताब्यात आहे. ती त्यावर खेळते. पडद्यावर गाड्या पळतात, माणसं धावतात, आणि तिच्या मैत्रिणी आपापल्या घरी बसून त्याच खेळात असतात. आमचा कॉम्प्युटर मात्र ऐन वेळी अडखळतो. मैत्रिणी पुढं निघून जातात आणि ही जागच्या जागी उभी. "पप्पा, मी परत मेले!" असं ती आतून ओरडते आणि माझ्या हातातला चहा हिंदकळतो.

तर त्याचं डोकं बदलायचं ठरलं. त्या डोक्याला प्रोसेसर म्हणतात, आणि तो ज्या पाटीवर बसतो ती मदरबोर्ड. बाकीचं सगळं त्या पाटीलाच जोडलेलं असतं. तुला हे लगेच कळेल. तुझ्या शिलाई मशीनचं डोकं बदलायचं म्हटलं की खालच्या टेबलाचं भोक त्याच मापाचं लागायचं, तसंच हे. आमच्या जुन्या पाटीवर आता मोठं कुठलंच डोकं बसत नाही, म्हणून दोन्ही बदलायचं. बजेट आधीच ठरलेलं, त्यात एक रुपया इकडचा तिकडं होणार नाही हे मी घरात दोनदा जाहीर केलेलं. पोरीनं आठवडाभर व्हिडिओ पाहून एक यादी केली आणि रविवारी सकाळी माझ्या हातात दिली. मी "बघतो" म्हणालो, घडी करून शर्टाच्या खिशात टाकली, आणि बघितली नाही.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथं आम्ही तसेच गेलो. दुकानदार पोरगेलासा, गोड बोलणारा. त्यानं दोन खोकी समोर ठेवली. एक बोर्ड जुन्या पद्धतीचा. त्यावर ठरल्या पैशात चांगलं दमदार डोकं बसतं, पण कंपनी आता त्या पद्धतीची नवी डोकी काढायची थांबलेली. दुसरा नव्या पद्धतीचा. तो महाग, म्हणून त्याच पैशात डोकं लहान येणार, पण पुढं कितीतरी वर्षं मोठी डोकी त्यावर बसत राहणार. मला विचारच करावा लागला नाही. मी कुणाचा मुलगा आहे? मी नव्या बोर्डवर हात ठेवला. पोरगी म्हणाली, "पप्पा, मला आत्ता नीट चालणारा पाहिजे. यादीत बघा ना, मी लिहिलंय." मी म्हणालो, "तुला काय कळतं पुढचं? आजच्यापुरतं बघायची सवयच आहे तुला." माय, दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. पोरीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. दुकानदार खाली बघत म्हणाला, "अंकल, रॅम है ना आपके पास?" मी ऐटीत "है" म्हणालो आणि पैसे दिले. परतताना क्रांती चौकात सिग्नल लागला, एरवी तिथं ती मागून काहीतरी बडबडते. त्या दिवशी ती शेजारच्या बसकडं बघत बसली. तिचा हात माझ्या खांद्यावर नव्हता, स्कूटरच्या मागच्या दांडीवर होता.

मला तेव्हा बिडकीनचं आपलं घर आठवलं, पुढची खोली, खिडकीपाशी तुझी पायमशीन, तिच्या डाव्या हाताला दुसऱ्यांच्या कापडांचा ढीग आणि उजव्या हाताला, असलंच तर, आमचं. अण्णा एसटीत, कायम ड्युटीवर. घराला शिस्त होती ती तुझ्या मशीनच्या आवाजाची. गावातल्या अर्ध्या पोरांचे गणवेश तू शिवायचीस आणि प्रत्येकात शिवणीला माया सोडायचीस, खाली चार बोटं, कमरेत दोन. आयाबाया खूश असायच्या. एक पॅंट तीन वर्षं चालायची. तू वाकून, तोंडात टाचण्या धरून म्हणायचीस, "पोरगं वाढतंय, कापड थोडंच वाढतंय? असू दे आत. लागंल तव्हा काढता येतं." आणि खरंच, जूनमध्ये तू टाके उसवून इस्त्री फिरवायचीस आणि पॅंट वाढायची. फक्त जिथं जुनी घडी होती तिथं गडद पट्टा राहायचा. बाकीचं कापड उन्हानं आणि धुण्यानं विटलेलं, आणि पट्टा कोरा करकरीत. माझ्या पायावर असे दोन पट्टे होते. वर्गातली पोरं ते मोजायची.

नववीत तू नवी खाकी पॅंट शिवलीस. घोट्याशी आत कापडाची जाड गुंडाळी, चालताना पायाला लागायची. त्या दिवशी दोन बायका ब्लाऊज न्यायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर मी ओरडलो, "मला तुझ्या हातचं नको. गबाळं असतं. मला रेडीमेड पाहिजे, सगळे हसतात." आज इतक्या वर्षांनी लिहितानाही कान गरम होतात. बायकांनी पदर सावरले. तू मला मारशील असं वाटलं होतं. तू टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्यास, एकेक, आणि म्हणालीस, "बरं. आतलं कापून टाकते. मंग तर झालं?" मी म्हणालो, "टाक." तू पॅंट मांडीवर घेतलीस, खिडकीकडं तोंड करून बसलीस, कात्री करकर चालली, आणि एक लांब पट्टी मशीनखाली पडली. तू पुन्हा शिवण घातलीस. पॅंट अशी बसली की मी आरशासमोरून हललो नाही. गुंडाळी नाही, काही नाही. त्या वर्षी मी भराभर उंच झालो. दिवाळीनंतर पॅंट वर वर जायला लागली आणि मी ती कमरेखाली ओढून चालायला लागलो, पण बोलणार कोणत्या तोंडानं? एके सकाळी ती खुंटीवर होती आणि पुन्हा घोट्यापर्यंत आली होती. खाली पट्टा होता. तेव्हा कळलं की तू कापलंच नव्हतंस, इतकं सपाट दुमडून दाबलं होतंस की मला लागू नये. मी पॅंट घातली आणि शाळेत गेलो. मीही काही म्हणालो नाही, तूही नाही.

घरी आलो तेव्हा पोरगी आपल्या खोलीत गेली. मी एकटाच जमिनीवर चादर अंथरून बसलो. नवा बोर्ड काढला, त्याच्या डोक्याच्या जागेवरचं प्लास्टिकचं झाकण तसंच ठेवलं, म्हटलं आधी सोपं काम करू. जुन्या कॉम्प्युटरमधून रॅमच्या, म्हणजे त्याच्या चालू कामापुरत्या आठवणीच्या, दोन पट्ट्या काढल्या आणि नव्या बोर्डच्या खाचेत बसवायला गेलो. बसेनात. उलट्या करून पाहिल्या. पट्टीला मध्ये एक कापलेली जागा असते आणि खाचेत तिच्यासाठी एक दाता. तो दाता भलत्याच ठिकाणी होता. मला वाटलं, नवं आहे, घट्ट असणार. मी अंगठ्यानं जोर लावायला लागलो, तेवढ्यात मागून तिचा हात आला आणि तिनं माझं मनगट धरलं. "पप्पा, दाबू नका. तुटेल. त्याला नवी रॅम लागते." मग माझं मनगट सोडून, "आणि ती सध्या बोर्डाहून महाग आहे. ते पण लिहिलं होतं."

मी खिशातून यादी काढली. माय, ती यादी मी तुझ्यासाठी इथं उतरवून काढतो, कारण तुझ्याशिवाय तिची किंमत दुसऱ्या कुणाला कळायची नाही. तिच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: "बोर्ड जुन्या पद्धतीचाच, म्हणजे आपली रॅम चालेल. पण चार खाचांचा. आपल्या दोन बसतील, दोन रिकाम्या राहतील. प्रोसेसर एक पायरी खालचा. गेमला पुरतो. ह्याच बोर्डवर त्या पद्धतीचा सगळ्यात मोठा पण बसतो, पुढं तो सेकंडहँड स्वस्तात मिळेल. बारावीनंतर बघू." मी ते दोनदा वाचलं. पोरीनं आजचं माप बरोबर घेतलं होतं आणि उद्याचं आत दुमडून ठेवलं होतं, आणि मी चार लोकांत तिला म्हणालो होतो की तुला पुढचं कळत नाही. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नक्की नाही. मी फक्त जाड गुंडाळी बघितली की तिला दूरदृष्टी समजतो.

मी तिला म्हणालो, "माझं चुकलं. दुकानात तसं बोलायला नको होतं." एवढंच. दोन वाक्यं. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "ठीके. झाकण काढलं नाही ना? मग तो परत घेईल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं झाकण तपासलं, खोकं उलटसुलट केलं आणि मला म्हणाला, "अंकल, बच्ची कू पूछ के लेना था ना." मी मान डोलावली. तिनं आपल्या यादीतला चार खाचांचा बोर्ड काढायला सांगितला. परत येताना क्रांती चौकात तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि ती कुठल्याशा पंख्याबद्दल बोलत होती. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि इतकं बरं वाटलं की सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्या रिक्षावाल्याला हॉर्न वाजवावा लागला. सगळं तिनंच जोडलं. मी टॉर्च धरली. स्क्रू फिरवताना तिनं चार स्क्रू ओठांत धरले होते.

आता आत तिचा खेळ चालू आहे आणि अडखळत नाही. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून हे लिहितोय. बोर्डचं रिकामं खोकं ती वॉरंटी संपेपर्यंत कपाटावर ठेवणार आहे, हे पत्र घडी करून त्यातच ठेवीन. तिला मी दोन वाक्यांत जे म्हणालो ते तुला म्हणायला माझ्याकडं नववीनंतर नऊ वर्षं होती. रोज तुझ्या हातचं घातलं, रोज तुझ्यासमोर जेवलो, आणि म्हणालो नाही. माझं चुकलं, माय. तुझं शिवणं कधीच गबाळं नव्हतं.

आणि वर एक खोटं लिहिलंय. पॅंट खुंटीवर दिसली तेव्हा कळलं, असं मी म्हणालो. तसं नव्हतं. तू खिडकीकडं तोंड करून कात्री चालवलीस तेव्हाच मला दिसलं होतं. मशीनखाली पडलेली पट्टी निळी होती. माझी पॅंट खाकी होती.