वीतभर लांब

१५ सप्टेंबर
बेळगावात आलो, खोली मिळाली आणि पहिल्याच दिवशी कारखान्यात कामाला जुंपला गेलो. निपाणीच्या आमच्या घरात माळ्यावरचा डबा काढायला कुणी शिडी आणत नाही, "श्रेयस!" अशी हाक मारतात. आई म्हणते, लांब हाताचा माणूस उपाशी राहत नाही. इथं पत्रा दाबून त्याचे भाग काढणारी एक प्रेस आहे. तिच्याखाली कुणाचा हात सापडू नये अशी सोय मला करायची आहे. मॅनेजर मारुतीराव म्हणाले, डोकं चालव, पण काम थांबवू नको.

१९ सप्टेंबर
सोय साधीच आहे. दोन बाजूंना दोन हिरवी बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. प्रेससमोर उभा राहिलो, हात पसरले आणि बोटं पोचली तिथं खडूनं खुणा केल्या. मारुतीरावांनी पाठ थोपटली. गडी खूश!

२४ सप्टेंबर
प्रेसवर काकती गावची मंगल असते. अंगानं बुटकी, तोंडानं फटकळ. आज म्हणाली, "लई लांब पडतंय ओ सर, हात पुरंना झालाय." मी म्हटलं, सवय होईल. "सवयीनं हात वाढतोय व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. बटणं सरकवायची म्हणजे प्रेस बंद ठेवावी लागणार. दसरा होऊ दे, मग बघू.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. प्रेसला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, पानसुपारी. मंगलनं मन लावून पूजा केली. चिरमुरे-फुटाणे खाऊन घरी आलो.

४ ऑक्टोबर
मंगलचं काम आज भराभर चाललं होतं. डाव्या बटणाच्या कड्यात पूजेतली सुपारी घट्ट बसवलेली दिसली. उजव्या हातानं बटण, डाव्यानं पत्रा. पूजेचं कुणी हलवत नाही. मीही छातीला हात लावून नमस्कार केला आणि पुढं गेलो. ती सुपारी बटण दाबून धरतेय हे मला कळलं नाही, असं लिहावंसं वाटतं.
कळलं होतं.

७ ऑक्टोबर
मंगलचा डावा हात गेला. मनगटापासून.
दवाखान्यात तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. एवढंच विचारलं, कामावर ठेवतील न्हवं? मारुतीरावांचा अहवाल तयार होता: कामगाराची चूक. सोमवारी तो वर जाणार आणि तिला काढणार. त्यावर माझी सही हवी होती.
केली.

९ ऑक्टोबर
सकाळी दाराची कडी हाताला लागेना. बोटं वीतभर अलीकडेच थांबली. एक पाऊल पुढं टाकलं, तरी वीतभर. शेजाऱ्यांनी बाहेरून धक्का मारून दार उघडलं. झोप नाही, त्यामुळं असेल.

१० ऑक्टोबर
तांब्या, मोबाईल, जेवणाचा डबा. सगळं वीतभर लांब. हात तेवढेच आहेत, शर्टाच्या बाह्याही तेवढ्याच. शेजाऱ्यांनी तांब्या उचलून पाणी पाजलं. तांब्याखाली खडूची खूण होती. डब्याखालीही. मी केलेली नाही.
हे कुणाच्या मापानं—

११ ऑक्टोबर
ठरवलं. सही खोडायची. बटणाची जागा चुकली आणि ती जागा मी ठरवली, एवढंच लिहायचं. अहवाल मारुतीरावांच्या टेबलावर होता, डोळ्यांसमोर. हात लांबवला. अजून लांबवला. ते म्हणाले, उचल की, समोरच तर आहे. म्हटलं, हात पुरत नाही.
हसून म्हणाले, सवय होईल.

१३ ऑक्टोबर
अहवाल न्यायला माणूस आलाय. मारुतीराव ऐकत नाहीत— मला रजेवर जा म्हणतात— मग इथंच लिहितो, कुणीतरी वाचेल.
मंगलची चूक नव्हती. ती सांगत होती. सुपारी मी पाहिली— बटणं मी—
वही सरकतेय. तिच्याखाली खडू—
खांदा ताणून, नुसतं पेनाचं टोक—
चूक माझ