साहेबांचा नवा पत्ता

बाबा,

तुमच्या लाडक्या पोपटाला, साहेबांना, घेऊन जातेय. पिंजऱ्यातला कागद बदलताना खाली दडवलेला तुमचा छातीचा रिपोर्ट सापडला. पिसांच्या धुळीनं फुप्फुसं खराब होताहेत, पक्षी घरात नको, असं डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच लिहिलंय. आणि तुम्ही मला "साधा खोकला गं" म्हणत राहिलात!

काल एकाला "पोपट सांभाळाल का?" विचारलं, तर तो म्हणाला, "बोलतो का?" तशीच परत फिरले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी मात्र आधी विचारलं, "हा कशाला घाबरतो?" मी म्हटलं, "झाडूला." त्यांनी लगेच झाडू आत नेऊन ठेवला. त्यांच्याकडेच देतेय.

मुद्दाम तुमचा डोळा लागल्यावर निघाले. तुम्ही "राहू दे" म्हणाला असतात, तर माझा पाय निघाला नसता. संध्याकाळी हवं तेवढं रागवा. रागवायला तुम्ही असलात म्हणजे झालं.