छतावरचा बर्फ

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या हिवाळ्यात रोज वाटतं की फोन करून विचारावं, बर्फ वितळू नये म्हणून अजून काय करायचं? तुमचा जन्म बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेला. आठवतं, शाळा सुटल्यावर मी तुमचा डबा घेऊन आलोय, तुम्ही लाद्यांवर भुसा पसरताय, वर गोणपाट टाकताय, आणि मी दारातच उभा. "आत ये नाहीतर बाहेर हो! दार उघडं टाकून काय बघतोस?" बाहेर थांबलेल्या मासळीवाल्या हसतात. "अहो, पोराला तरी गार हवा खाऊ द्या!"

घर परवडेना म्हणून आम्ही ऑकलंड सोडून न्यूझीलंडच्या दक्षिणेला डोंगरात आलो. इथे छतावर बर्फ साचतो. घरातली ऊब माळ्यावर चढते, पत्रा तापतो, बर्फ खालून वितळतो आणि ते पाणी छताच्या गार कडेला पुन्हा गोठतं. तिथे बांध होतो. मागे तुंबलेलं पाणी पत्र्याच्या सांध्यांतून आत येतं, ते नेमकं तुमच्या नातीच्या खोलीत. भिंतीला बुरशी आली, तिची छाती भरायला लागली. डॉक्टर म्हणाली, खोली कोरडी हवी, उबदार हवी. आणि मी छत गार ठेवायच्या मागे. "आम्ही इथे कुडकुडतोय आणि तू छताला जपतोयस?" असं म्हणून बायको आधी हसली. मग शांतपणे म्हणाली, "पुन्हा पाणी आलं, तर मी हिला घेऊन ऑकलंडला जाते." ती चिडली असती तर मी इतका घाबरलो नसतो.

माळ्यावर चढल्यावर कारण सापडलं. ऑकलंडमध्ये न्यू लिनला भाड्याने राहत होतो तेव्हा शेजाऱ्यांनी फोडणीच्या वासाची तक्रार केली होती. तो धसका घेऊन आम्ही दोघांनी इथे स्वयंपाकघरातली वाफ ओढणाऱ्या पंख्याचा पाइप माळ्यातच सोडायला लावला होता. रोजची सगळी वाफ थेट छताखाली! शनिवारी तो भिंतीतून बाहेर काढला. दिव्यांभोवतीच्या फटी बुजवल्या, इन्सुलेशनचे जाड थर अंथरले. संध्याकाळी लसणाची फोडणी पडली आणि शेजारचा म्हातारा कुंपणापाशी आला, माओरीत नमस्कार करत म्हणाला, "किया ओरा! व्हॉट्स दॅट स्मेल, मेट?" मी घाईघाईने सॉरी म्हणालो. "सॉरी कशाला?" तो इंग्रजीत म्हणाला, "मला भूक लागलीय."

काल बर्फ पडला. आज सकाळी तो छतावर जसाच्या तसा होता, कडेला बांध नव्हता, लोंबणारा बर्फाचा एकही सुळका नव्हता. मी अंगणात उभा राहून रडलो, बाबा. तेवढ्यात आतून मुलीची हाक आली, "बाबा, इट्स वेट अगेन." तिच्या पलंगाच्या बरोबर वर, सिलिंगला तळहाताएवढी ओल. जुनी की नवी, कळेना. बायको अंघोळीला गेली होती. मी स्टुलावर चढून ओल पुसली, हेअर ड्रायर फिरवला आणि म्हणालो, "आईला सांगू नकोस हं."

"ओके," ती म्हणाली, आणि खोकत राहिली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून लिहितो. त्या क्षणी मला तिच्या छातीची काळजी नव्हती. मला एकटं राहायचं नव्हतं. आता आत जाऊन बायकोला ती जागा दाखवतो, आणि मुलीचे गरम कपडे बॅगेत भरतो.