मालिकेतली फोडणी

रविवार संध्याकाळ. दुर्गापुरा, जयपूर.

ऋचाने हट्ट धरला म्हणून ती हॉटेलच्या स्वयंपाकघरावरची मालिका पाहिली. एकच भाग, तोही नको झाला. विनोदी म्हणे! सकाळी त्यांचा मुख्य आचारी मरतो आणि संध्याकाळी त्याच्याच शेगडीवर चर्र करून फोडणी पडते. सगळे टाळ्या पिटतात. कसली माणसं ही? लिहिणाऱ्याच्या घरातलं कधी कोणी गेलंच नसेल.

आमच्याकडे सुतकात फोडणी देत नाहीत. सुनीता गेली तेव्हापासून मी बिनफोडणीचं वरणच खातोय. सुतक केव्हाच फिटलं, ते मलाही कळतं. पण आता पुन्हा सुरू करा, असं सांगायला इथे घरातलं मोठं कोणी नाही. आणि मी स्वतः होऊन... का सांगावं?

ऋचा मात्र त्या फोडणीला खळखळून हसली. आई गेलेली पोर! मी म्हटलं, "लाज नाही वाटत?"

"बाबा, मतलब, आपण किती दिवस असं फिकं खायचं? आईला तरी चाललं असतं का?" टीव्ही तसाच टाकून ती स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने आतून तोच चर्र आवाज आला. मोहरी, मग हिंग. अगदी सुनीता फोडणी द्यायची तसा. डोळे मिटले असते तर आत तीच आहे असं वाटलं असतं.

मिटले नाहीत. तो भिकार भाग शेवटपर्यंत बघत बसलो.