पांढऱ्या भांड्याची मुक्ती

६ जानेवारी, सोमवार
शालन सकाळच्या एसटीने गडहिंग्लजला गेली. तिच्या आईचं, म्हणजे आक्कांचं, बुधवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. एकोणीस तारखेच्या रविवारी ती आक्कांना घेऊनच परतणार. तोवर घर माझ्या हातात.

सतरा तारखेला कसबा बावड्यात बचत गटापुढे माझं भाषण आहे. विषय ‘घरकामाची प्रतिष्ठा’. चाळीस वर्षं माइकवरून सांगितलं ते आता जगून दाखवायचं. संकल्प: सगळं घरकाम स्वतः करणार. अंबूबाईंनी यायचं ते फक्त भांडी, केर, फरशी, कपडे आणि भाजी चिरण्यापुरतं.

जाताना शालन एवढंच म्हणाली, “त्या पांढऱ्या भांड्याला तेवढा हात लावू नका.” कारण दिलं नाही. कारण न देता घातलेल्या बंदीविरुद्ध मी जन्मभर बोलत आलो आहे.

७ जानेवारी, संध्याकाळी ७
पांढरं भांडं वापरायला काढलं. आहे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. उचलताना कंबर आठवते. बाहेरून निळं, आतून काचेसारखं पांढरंशुभ्र इनॅमल. आक्का नर्स होत्या. त्यांच्या दवाखान्यातली परदेशी डॉक्टरीण मायदेशी जाताना त्यांना हे देऊन गेली. आक्कांनी ते लग्नात शालनला दिलं. आमच्याकडे पांढरा रस्सा यातच होतो. उघड्या लोखंडात काळवंडतो म्हणे. श्रद्धेचा भाग असावा.

दोन लिटर दुधाची बासुंदी करायला ठेवली. मंद आच, मोकळा वेळ, म्हणून आरशासमोर भाषणाची तालीम घेतली. तिसऱ्यांदा “भगिनींनो” म्हणालो तेव्हा वास आला.

८ जानेवारी
तळाला काळा थर, बोटभर जाड. तारेच्या घासणीने वीस मिनिटं घासलं. थर जागचा हलला नाही. खांदा हलला.

अंबूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, “सर, कोमट पाण्यात सोडा टाकून भिजत घाला की. दोन दिस पडू दे. आपसूक सुटतंय. न्हायतर द्या हिकडं, मी बघती.” मी नम्रपणे नकार दिला. जे मी जाळलं ते मी घासणार. शिवाय भिजत घालणं म्हणजे प्रश्न पुढे ढकलणं. या देशात सगळंच भिजत पडलं आहे, असं मी त्यांना सविस्तर सांगितलं. अंबूबाई तेवढ्या वेळात बाकीची भांडी घासून गेल्या.

शालनचा फोन. ऑपरेशन उत्तम झालं. आनंद आहे.

९ जानेवारी
आधी अभ्यास, मग कृती. इनॅमल म्हणजे लोखंडावर वितळवून बसवलेली काच. अकरा पानं टिपणं काढली. भाषणात घेता येतील. वेळ न उरल्यामुळे घासणं उद्यावर.

१० जानेवारी
चिंच आणि मीठ. देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी याने झळकतात, मग हे का नाही? काळं तसंच राहिलं. उरलेल्या पांढऱ्याची चकाकी मात्र गेली. काहीतरी परिणाम होतो आहे हे निश्चित.

११ जानेवारी
विटेचा चुरा, राख, नारळाचा काथ्या. आपल्या आज्यांचं शास्त्र. पांढऱ्यावर बारीक रेघा उठल्या. बहुधा जुन्याच असतील, स्वच्छतेमुळे दिसू लागल्या.

नंतर उलथन्याच्या टोकाने खरवडलं. नखाएवढा टवका उडाला. आनंद झाला. उचलून पाहिला तर पांढरा होता.

१२ जानेवारी, रविवार
शालनचा फोन. आक्कांच्या डोळ्यात औषध घालायचं आहे, बाकी झकास. मग आक्कांनीच फोन घेतला. “पावणं, भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारकी अक्षरं वाचती बघा आता. धा वरसं समदं धुरकट होतं. आता येती तवा त्या भांड्यातला पांढरा रस्सा पैला डोळं भरून बघणार, मग पिणार.”

मी म्हणालो, “त्याच भांड्यातला देतो. मी स्वतः करून देतो.” शब्द तोंडातून गेला. मी शब्दाचा माणूस आहे.

शालनने विचारलं, “भांडं ठीक हाय न्हवं?” मी म्हणालो, “भांडं आहे.” यात असत्य एक अक्षर नाही.

१३ जानेवारी
उपाय सापडला. माझा वर्गमित्र उदयसिंह. त्याची फौंड्री आहे. सगळ्या जगाला कास्टिंग पुरवणारं आमचं कोल्हापूर, आणि मी काथ्या घेऊन बसलो होतो.

भांडं पिशवीत बांधून रिक्षाने नेलं. उदयसिंह पंपाच्या ऑर्डरीत बुडालेला. पिशवीत अर्धवट डोकावून म्हणाला, “बीडच हाय न्हवं? मग घासत काय बसलायस भावा. शॉट ब्लास्टिंगला टाकतो.” मशीनमध्ये पोलादाचे बारीक छर्रे जोरात मारतात, कास्टिंगला चिकटलेलं सगळं उडतं, असं त्याने समजावलं. मग विचारलं, “वरचं समदं काढू न्हवं? का काय ठेवायचं हाय?”

मी म्हणालो, “सगळं काढ. मुळापासून. अर्धवट सुधारणा मला आयुष्यात मान्य झालेली नाही.” तिथले दोन कामगार थांबून ऐकू लागले, म्हणून आणखी थोडं बोललो.

१४ जानेवारी
संक्रांत. उदयसिंह तिळगूळ आणि भांडं घेऊन स्वतः आला. “बघ, एक डाग राहिला न्हाय.”

डाग खरंच राहिला नव्हता. निळंही राहिलं नव्हतं. पांढरंही नाही. नुसतं करडं बीड. मी बराच वेळ पाहत राहिलो. उदयसिंहला वाटलं मी भारावलो आहे. म्हणाला, “असू दे, असू दे.”

१५ जानेवारी
शांतपणे विचार केला. रंग हा शेवटी मुलामा. भांड्याचं सत्त्व लोखंडात. ते प्रथमच स्वतःच्या खऱ्या रूपात उभं आहे. सासूबाई शिकलेल्या बाई, त्यांना हे पटेल. न पटायला कारण नाही.

१६ जानेवारी
भांड्यावर तांबूस पावडर आली. पुसली. पुन्हा आली.

१७ जानेवारी, शुक्रवार
बावड्यात भाषण झालं. पन्नास मिनिटं. हॉल भरलेला. प्रश्नोत्तरांत मागून एक बाई उठल्या. “सर, तुमी घरात भांडी घासतासा काय?” मी प्रांजळपणे सांगितलं की, या पंधरवड्यात एक घासलं. “मग निघालं काय?” म्हणाल्या. मी म्हणालो, “सगळं निघालं.” टाळ्या पडल्या. हशा आधी पिकला होता, पण तो आपुलकीचा होता.

१८ जानेवारी
उद्याची योजना: त्या दोघी पोचण्याआधी रस्सा तयार. त्याच भांड्यात, शब्द दिल्याप्रमाणे. रस्सा वाट्यांत काढून टेबलावर, भांडं धुऊन माळ्यावर. समोर वाटी आल्यावर भांड्याची चौकशी कोण करतं?

१९ जानेवारी, रविवार, दुपारी ३
सकाळी मटण आणलं. खोबरं, खसखस, काजू अंबूबाईंनी वाटून दिलं. ढवळलं मी. अंबूबाई भांड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “सर, मी आज लवकर जाती.”

एसटी वेळेआधी आली. इतिहासात प्रथमच. भांडं माळ्यावर गेलंच नाही.

शालन पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. ओट्यावर बघितलं. भांड्याच्या काठावरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं आता ओरडेल. मी उत्तराचे तीन मुद्दे तयार ठेवले होते. ती तोंडावर पाणी मारून बाहेर गेली.

आक्का टेबलाशी बसल्या. काळा चष्मा काढून वाटी जवळ ओढली. बराच वेळ बघत राहिल्या. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “शालन, डोळं परत गेलं गं माझं. पांढरं करडं दिसाय लागलंय.”

शालनने माझ्याकडे पाहिलं.

काहीही न बोलता राहता आलं असतं. वय झालं, प्रवासाचा शीण, पुन्हा तपासून घेऊ, असं म्हणता आलं असतं. हे सगळं तोंडात येऊन गेलं, हे इथे लिहून ठेवतो.

मी म्हणालो, “आक्का, डोळे ठीक आहेत. रस्साच करडा आहे. भांडं मी बिघडवलं.”

आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. टाळ्या नाहीत.

आक्कांनी मोठा श्वास सोडला. “मग बरं झालं,” म्हणाल्या. “भांडं जाऊ दे. डोळं गेलं आसतं तर काय केलं आसतं?” मग वाटी तोंडाला लावली आणि म्हणाल्या, “मीठ बी न्हाय की ह्यात.”

शालन हसली. आधी हसली, मग डोळे पुसले. माझ्याशी अजून बोललेली नाही.

२० जानेवारी
शालन बोलली. “आईचं एवढं एकच होतं माझ्याकडं,” म्हणाली. मुद्दे तिन्ही आठवत होते. काढले नाहीत.

आक्कांचा निर्णय: भांडं टाकायचं नाही. उघड्या बिडाला रोज धुऊन, कोरडं पुसून, तेलाचा हात द्यायचा, म्हणजे गंज धरत नाही. काम माझ्याकडे. मी म्हणालो, किती दिवस? आक्का म्हणाल्या, “बीड हाय, पावणं. आपल्यापेक्षा जास्त टिकतंय.”

२१ जानेवारी
धुतलं. पुसलं. तेल लावलं.

आक्का खुर्ची ओढून समोर बसल्या होत्या. कडेला बोटभर जागा कोरडी राहिली, ती त्यांनी तिथूनच दाखवली.

२२ जानेवारी
धुतलं. पुसलं. तेल लावलं.