बारा प्रश्न, बारा शून्ये

१ जून, सोमवार. सकाळी सात.
आजपासून विकिरणोपचार. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग. एकूण वीस फेऱ्या, सोमवार ते शुक्रवार. रोगाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. संकल्प तीन : मन स्थिर ठेवणे, या रोजनिशीत भावविवशतेला थारा न देणे, ‘मशीन’ न लिहिता ‘यंत्र’ लिहिणे.

दुपारी दोन.
मशीन प्रचंड आहे.
नियम असा, की आधी अर्धा तास तीन ग्लास पाणी प्यावे आणि भरल्या मूत्राशयाने त्याखाली निजावे. चाळीस वर्षे छापखान्यात जागचे न हलता मुद्रिते तपासली. मला यात अवघड ते काय?

संध्याकाळ.
अवघड आहे.

३ जून, बुधवार.
बरोबर चार वाजता एका संशोधिकेचा फोन. साथीच्या काळात विकिरणोपचार घेणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा अभ्यास चालू आहे. काही रुग्णांना दर आठवड्याला केवळ प्रश्नावली, काहींना तिच्यासोबत दहा मिनिटांचा फोनही. माझ्या वाट्याला फोन आला तो चिठ्ठी टाकून, असे ती म्हणाली. माझ्यासारख्याची निवड चिठ्ठीने होत नसते, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.
प्रश्न बारा. गेल्या सात दिवसांत भीती वाटली का, चिडचिड झाली का, इत्यादी. उत्तरे शून्य ते चार. चार म्हणजे ‘सतत’. मी बारा शून्ये दिली. शिवाय प्रश्नांतील सदोष वाक्यरचना लाल शाईने दुरुस्त करून पाठवली. उत्तरांना दोन मिनिटे लागली, दुरुस्त्यांना दीड तास.
हिलाही ‘सहचरासाठी’ म्हणून निराळा फॉर्म आला आहे. विरंगुळा म्हणून भरते. पाहू दे म्हटले, तर म्हणाली, अहो, शेजारच्याच्या पेपरात डोकावू नये, हे तुम्हाला मी सांगायचं?

५ जून, शुक्रवार.
साथीमुळे सोबतच्या माणसाला आत प्रवेश नाही. ही फाटकाबाहेरच्या बाकावर बसते. घाबरते बिचारी. मी तिला धीर देतो.
प्रतीक्षागृहात एकाआड एक खुर्चीवर पट्टी चिकटवलेली. समोर एक टोपीवाले गृहस्थ असतात. रोज गुडघे हलवत बसतात. आज मास्कमधून म्हणाले, साहेब, आपण दोघं म्हणजे भरलेले टँकर, जरा बेतानं चालवायचं. मी अनोळखी माणसांशी विनोद करीत नाही. हसलो, पण मास्कच्या आत.
प्रत्येक रुग्णानंतर मशीन पुसतात. आज त्यात वीस मिनिटे अधिक गेली. काही झाले तरी उठायचे नाही, असा निश्चय केला. निश्चय ढळला नाही; मीच उठलो. टेक्निशियनने पुन्हा तीन ग्लास पाजले.

१० जून, बुधवार.
फोन आला. कसे आहात, असे तिने विचारले. मी सातव्या प्रश्नातील स्वल्पविरामाविषयी बोललो. दहाची पस्तीस मिनिटे झाली. माझ्याशी बोलून तिला बरे वाटते, हे उघड आहे. एकटी असावी.
ही म्हणाली, फोन चारला येतो, मग साडेतीनपासून इस्त्रीचा सदरा घालून त्याच्याजवळ का बसता? फोनच्या बॅटरीकडे लक्ष ठेवावे लागते, असे मी स्पष्ट केले. बारा शून्ये.

१२ जून, शुक्रवार.
दहा फेऱ्या पूर्ण. टोपीवाल्यांच्या किती उरल्या, ते विचारले नाही. असल्या चौकशा सभ्यतेला धरून नव्हेत. मात्र पाणी धरून ठेवण्यात मी त्यांना हरवले, याची नोंद असावी.

१८ जून, गुरुवार.
समोरची खुर्ची रिकामी. कालही रिकामीच होती. कोणालाही काही विचारले नाही.
तेवढ्यात लक्षात आले, की आज आपण अर्धा ग्लास पाणी कमी प्यालो. प्रमाण चुकले असता उपचार घेणे अशास्त्रीय. म्हणून फेरी न घेताच बाहेर आलो. ही बाकावरून ताडकन उठली. एवढ्यात झालं? असे विचारले. यंत्रात बिघाड आहे, असे सांगितले. हे असत्य नव्हे. जगात कोणत्या ना कोणत्या यंत्रात त्या क्षणी बिघाड असणारच.
ती घरी येईपर्यंत माझी बाही धरून होती. रस्ता खडबडीत आहे.

१९ जून, शुक्रवार.
सकाळी नऊला टेक्निशियनचा फोन. ऐकू यावे म्हणून मी स्पीकर लावतो, तो लागलेलाच होता. आजोबा, काल कुठे पसार झालात? नाव पुकारून घसा बसला आमचा! ही म्हणाली, मशीन बिघडलं होतं ना? तो म्हणाला, छे हो आजी, ठणठणीत आहे, तुमचा माणूस तेवढा पाठवा. हिने निमूटपणे माझ्या चपला दारासमोर सरळ करून ठेवल्या. गेलो.
मशीनखाली निजताना टोपीवाल्यांची चौकशी केली. सहज, आसनव्यवस्थेच्या अनुषंगाने. टेक्निशियन म्हणाला, ते होय? त्यांच्या फेऱ्या मंगळवारीच संपल्या की! खुशीत गेले. तुम्हाला निरोप आहे, टँकर बेतानं चालवा.
डोळ्यांतून पाणी आले. खोलीतले वातानुकूलन फार तीव्र आहे.

२४ जून, बुधवार.
आजचा फोन शेवटचा. पुढल्या बुधवारी फक्त फॉर्म.
माझी शून्ये शोधनिबंधात कोणत्या पानावर येतील, असे मी विचारले. ती म्हणाली, काका, रागावू नका हं. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असलं ना, की तो फॉर्म आम्ही बाजूला ठेवतो. न वाचता भरलाय असं धरतात.
न वाचता! मी!
काकूंचे फॉर्म मात्र फार मनापासून भरलेले असतात, असेही म्हणाली.
फोन ठेवल्यावर हिच्यासमोर हात पुढे केला. हिने वहीच काढून दिली. प्रत्येक फॉर्मची नक्कल करून ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात लिहिले आहे : ‘माझी भीती तीन. यांची चार, पण हे तिला शिस्त म्हणतात.’ चौथ्यात : ‘गुरुवारी परत आले. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेले नसते.’ आणि खाली : ‘बाकावर बसले की माझीही चार.’
शुद्धलेखनाची एकही चूक नाही. दोनदा तपासले.

२९ जून, सोमवार.
बुडालेली फेरी आज भरून काढली. वीस पूर्ण. संपले. बाहेर आलो, तर ही बाकावर डोळे मिटून. शेजारी बसलो. कोणीच उठेना.

१ जुलै, बुधवार. सायंकाळी पाच.
साडेतीनपासून फोनजवळ होतो. येणार नाही, हे ठाऊक होते. बॅटरी पूर्ण होती.
सव्वाचारला हिने शेवटचा फॉर्म समोर ठेवला. पहिला प्रश्न, गेल्या काही आठवड्यांत भीती वाटली का? सवयीने शून्य लिहिले. खोडले. पुष्कळ विचारान्ती दोन लिहिले.
हिने माझ्याच खिशातले लाल पेन काढले, दोन खोडून चार केले, आणि समासात मुद्रितशोधकाची खूणही केली. कुठे शिकली, देव जाणे.
चाळीस वर्षांत माझ्या मजकुरावर कोणी लाल शाई चालवली नव्हती. दुरुस्ती तपासली. योग्य आहे. कायम ठेवली.
उरलेले अकरा प्रश्न तिनेच सांगितले. मी लिहून घेतले.